मुकादमकी का सोडली, म्हणता?

दसरा झाला की आमच्या बीडमधल्या आष्टी तालुक्यात ऊसतोडीला जाणारे ट्रक भरायला लागतात. कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू, पत्र्याच्या पेट्या, शेळी, कोंबड्यांचं डालगं आणि सगळ्यांच्या वर पोरं. मी टपरीवर चहा घेत असतो आणि कुणीतरी विचारतंच, "मुकादम, चांगले अठरा कोयते होते तुमचे. का सोडलं हो?" (कोयता म्हणजे तोडणीला येणारं नवरा-बायकोचं एक जोडपं.) सोडून सहा-सात वर्षं झाली, तरी हाक मुकादम म्हणूनच मारतात.

गावातल्यांकडं उत्तर तयार असतं. बुडाला असणार. बुडालो हे खरं आहे, पण सोडल्यामुळं बुडालो. बुडाल्यामुळं सोडलं नाही. एवढा फरक ऐकून घ्यायला कुणाला सवड नसते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्यांना वेगळंच हवं असतं, त्यांना साक्ष हवी असते. मागच्या उन्हाळ्यात एका संजीवन सभेत पाहुण्या पाळकसाहेबांनी मला उभं केलं. म्हणाले, "आपल्या या भावानं धनाची चाकरी सोडून देवाची धरली." माईक हातात दिला. मी चार वाक्यं बोललो, लोक हालेलुया म्हणाले, मी खाली बसलो. घरी येताना बायको म्हणाली, "जीपचं नाही सांगितलंत."

नाही सांगितलं. म्हणून आता लिहितोय.

पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. मी लोभी नव्हतो. मुकादम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सोन्याची साखळी आणि पांढरी गाडी येते. माझं तीन खोल्यांचं घर, जुनी जीप, तीही कर्जाची. कारखान्याच्या वाहतूकदाराकडून पैसा मी उचलायचो, माझ्या सहीवर, माझ्या सातबाऱ्यावर. तोच पुढं कोयत्या-कोयत्याला वाटायचा. कोयता पळाला तर नुकसान माझं. मजुरीवर टक्केवारीनं मिळणारं कमिशन हीच माझी कमाई, आणि बुडीत खाती तीच खायची. पैसा माझ्या हातातून जायचा, हातात राहायचा नाही. मग मी धनाची चाकरी केली असं कोणत्या तोंडानं म्हणता?

हे मी तेव्हा पाळकसाहेबांनाही ऐकवलं होतं. एका बुधवारी शास्त्राभ्यासाला बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय होता. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं त्यात आहे. मी हात वर करून म्हणालो, "साहेब, याकोबानं मजुरी अडकवणाऱ्यांना शाप दिला. आम्ही तर मजुरी सहा महिने आधी देतो." सगळे हसले, साहेबही हसले. मला वाटलं जिंकलो.

आता हिशोब ऐका, तोही माझ्याच वहीतला. तेव्हा तोडणीचा दर टनाला सव्वादोनशेच्या आसपास होता. (२०२४ च्या जानेवारीत ३४ टक्क्यांची वाढ ठरली, ती माझ्यानंतरची.) नवरा-बायको मिळून पहाटे चारला फडात उतरले तर दिवसाला दोन टन, म्हणजे दोघांचे साडेचारशे. कोयत्यामागं आगाऊ दिलेली उचल ऐंशी हजार. नुसती ती फिटायला पावणेदोनशेच्या वर दिवस लागतात, आणि हंगाम चालतो एकशेचाळीस दिवस, पाऊसपाणी बरं झालं तर. त्यात दर पंधरवड्याची खर्ची, ती वेगळी चढते. उचल फिटत नाही, पुढच्या साली फिरते. हे मला दहावी नापास असूनही कळत होतं. मजुरी आधी दिली की माणूस अडकतो आणि मग मजुरी अडकवायची गरजच उरत नाही, हे त्या बुधवारी मी बोललो नाही.

आणखी एक. मी मंडळीचा खजिनदार होतो, अजूनही आहे, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको असतं. माझ्या पिशवीत दोन वह्या असायच्या, एक अर्पणाची, एक उचलीची. अक्षर एकच, पेनही एकच. टोळीतली तीन घरं आमच्याच मंडळीतली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी ताटात टाकलेली पन्नासाची नोट मी एका वहीत जमा धरायचो, आणि तीच नोट मी दोन दिवसांपूर्वी दिलेली म्हणून दुसरीत त्यांच्या नावे असायची. चूक कुठंच नव्हती, बेरजा बरोबर यायच्या.

आता जीपचं.

२०१७ चा फेब्रुवारी. सांगलीकडचा एक कारखाना, नाव घेत नाही. रात्री साडेनऊला गावाहून फोन आला की अमक्याचे वडील गेले. म्हणजे टोळीतल्या एका बाईचे वडील. नाव तिचंही लिहीत नाही. ती त्या तीन घरांपैकी एका घरातली. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, पोरं आजी-आजोबांकडंच ठेवलेली. आमचे पाळकसाहेब तेव्हा पुण्याला स्वतःच्याच ऑपरेशनसाठी दाखल होते. पंच म्हणाले, "तुम्ही मंडळीचे वडील, एल्डर आहात. दफनविधी तुम्हीच चालवा. सकाळी अकराला माती देऊ."

म्हणजे मला जायचंच होतं.

मी कोपीपाशी जाऊन नवरा-बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. उठली, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "दादा, येते मी. परवा पहाटे फडात असते."

मी म्हणालो, "नाही जमणार."

का म्हणालो, त्याची कारणं होती आणि ती खोटी नव्हती. आदल्या साली याच टोळीतून एक जोडपं लग्नाला म्हणून गेलं ते परत आलंच नाही. त्यांच्या अंगावरची सगळी उचल मी भरली. शिवाय ती गेली की नवरा अर्धा कोयता. ट्रक भरायला माणसं कमी, खेप चुकणार, मग कारखान्याचा चिठ्ठीबॉय बोलणार आणि उरलेल्यांची मजुरी मार खाणार. तिच्या अंगावर तेव्हा त्रेसष्ट हजार होते. वही न उघडता आठवलं मला. मी तिला समजावल्यासारखं म्हणालो, "एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं, बाई." नवरा खाली बघत होता. त्यालाही आकडा माहीत होता.

ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत गेली आणि फडक्यात चार भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन आली. "रात्रीचं जायचं तुम्हाला," म्हणाली. "माझ्या नावानं मूठभर माती टाका."

मी त्या भाकरी घेतल्या. वाटेत खाल्ल्याही.

जीपमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मागच्या सीटवर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या होत्या. आमच्याकडं फेब्रुवारीपासूनच चाऱ्याचे हाल आणि घरी म्हैस. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगायचो की जीप रिकामी नव्हतीच. पेंढ्या होत्या की.

पोचलो. विधी चालवला. योहानाचा चौदावा अध्याय वाचला, मयतीला वाचतो तोच. माझ्या पित्याच्या घरात राहायला पुष्कळ जागा आहेत, असं त्यात येतं. जागा हा शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि माझी नजर कबरस्थानाच्या फाटकाकडं गेली. तिथं जीप उभी होती, मागच्या काचेतून हिरवं वाढं दिसत होतं. पुढची ओळ सापडेना. लोकांना वाटलं, मुकादमाला भरून आलं.

मी दोन मुठी माती टाकली.

फाटकाबाहेर म्हातारी माझ्यापाशी आली. मी तिला मावशी म्हणतो. तिनं विचारलं, "लेक कुठंय माझी? कळवलं नाही का तिला?"

मी म्हणालो, "कळवलं मावशी. गाडी भेटली नाही तिला."

एवढंच. मी गाडीतून आलोय हे तिला दिसत होतं. तिनं जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि "हां" म्हणाली. दुपारी मी म्हशीपुढं वाढं टाकलं आणि रात्री परत निघालो.

आता संजीवन सभेतली साक्ष असती तर पुढचं वाक्य असं असतं, की त्या रात्री मी वाटेत जीप थांबवली, गुडघे टेकले आणि धंदा सोडला. तसं काही झालं नाही. मी आणखी दोन हंगाम केले. झोप कमी झाली होती, पण झोप तर सगळ्याच मुकादमांची कमी असते.

सोडलं २०१९ च्या उन्हाळ्यात. त्याला निमित्त लूकचा सोळावा अध्याय. देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वाक्य सगळे डोंगरावरच्या प्रवचनातून घेतात, मत्तयातून. लूकमध्ये ते एका कारभाऱ्याच्या गोष्टीला लागून येतं. त्याची नोकरी जाणार असते, तर तो देणेकऱ्यांना बोलावतो. शंभर मापं तेल देणं आहे? पन्नास लिही. शंभर मापं गहू? ऐंशी लिही. आणि धनी त्याला शाबासकी देतो. पाळक लोक ही गोष्ट सांगताना अडखळतात. मला मात्र ती अख्ख्या शास्त्रात सगळ्यात ओळखीची वाटली. मुकादमाची गोष्ट आहे ती. (आपल्या भाषेत धन आणि धनी एकाच घरचे शब्द आहेत, आणि आमच्याकडच्या बाया नवऱ्यालाही धनीच म्हणतात. असो.)

मी वही काढली आणि निम्मं लिहायला बसलो. लोकांना एवढंच माहीत आहे. खरं असं, की ज्यांच्याकडून वसूल होणारच नव्हतं त्यांचं मी निम्मं केलं. ज्यांच्याकडून येणार होतं त्यांचं पूर्ण घेतलं. वाहतूकदाराचं देणं राहिलं, त्यात दोन एकर गेले. पोरीचं नर्सिंग एक वर्ष लांबलं. ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला, हे पाळकसाहेबांनी मला धीर द्यायला सांगितलं. बायको चहा ठेवत होती, आतूनच म्हणाली, "लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का त्यांनी?" साहेबांनी विषय बदलला.

त्या बाईचं मात्र मी सगळं खोडलं. तोवर ते सत्तरच्या वर गेलं होतं. वही घेऊन तिच्या दारात गेलो आणि तिच्या देखत रेघ मारली. मला काय वाटलं होतं कुणास ठाऊक. रडेल, पाया पडेल, काहीतरी. तिनं रेघेकडं बघितलं आणि म्हणाली, "मग यंदा उचल कोण देणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं दुसरा मुकादम धरला, लांबचा, ओळखीपाळखीचा नाही. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठे घेतो असं ऐकतो. माझ्या टोळीतले बहुतेक त्याच्याकडंच गेले. तुम्ही म्हणता, मी देवाला निवडलं. मग त्या सतरा-अठरा घरांसाठी मी काय निवडलं, तेही सांगा.

इथं माझं माझ्याशीच भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. माझ्यातला जुना मुकादम म्हणतो, येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयानं अर्धी संपत्ती गरिबांना दिली, फसवलेल्यांना चौपट परत करतो म्हणाला, पण जकात सोडली असं शास्त्रात कुठं लिहिलंय? बाप्तिस्मा करणारा योहानही जकातदारांना एवढंच म्हणाला की ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. घरी जा असं म्हणाला नाही. तू राहिला असतास, नीट वागला असतास, मयतीला माणसं सोडली असतीस, तर त्यांचं भलं झालं असतं. तू आपली झोप सोडवलीस. मी त्याला म्हणतो, तू दोन हंगाम होतास की त्यानंतर, सोडलंस का कुणाला? यावर तो गप्प बसतो. पण जक्कयाचं त्यानं म्हटलेलं मला खोडता येत नाही, आणि चौपट तर सोडाच, मी कुणाला एकपटही परत दिलेलं नाही.

मावशी अजून आहे. नव्वदीला टेकली असेल. परवा ट्रक निघाला तेव्हा लेकीला वाटेला लावायला काठी टेकत आली होती. मी टपरीवर होतो. निघताना प्रार्थना करा म्हणून मला बोलावलं, दरवर्षी बोलावतात. प्रार्थना झाल्यावर म्हातारी लेकीला म्हणाली, "नव्या मुकादमाला सांगून ठेव बाई. माझं काही झालं तर गाडीचं बघा म्हणावं. मागं भेटली नव्हती." आणि माझ्याकडं वळून, "नाही का हो, मुकादम?"

ती बाई ट्रकच्या फाळक्याला धरून उभी होती. त्या रात्री भाकरी बांधून जीपपर्यंत तीच आली होती, मागच्या सीटवर काय होतं ते तिनं पाहिलं होतं. इतक्या वर्षांत तिनं आईला सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं.

"हो मावशी," मी म्हणालो.

ती वर चढली. मी तिची पेटी उचलून दिली.