पावागढ, बडोदा आणि इथियोपियाची राख

पावागढला जायचं तर सकाळी लवकर निघावं. बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. 24 नोव्हेंबर 2025, सोमवार; रोपवेला फारशी रांग नव्हती. वर पोचल्यावर आत्याला सावलीत बसवलं आणि मी दगड बघत हिंडले. खाली काळा बेसॉल्ट, माथ्याजवळ फिकट रायोलाइट. डोंगर अख्खा ज्वालामुखीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून घडलेला. तिथे उभी असतानाच फोनवर बातमी आली : इथियोपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख रात्री गुजरातवर पोचणार.

रविवारी अफार भागात तो फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटल्याची नोंदच नव्हती. राख सुमारे 14 किलोमीटर वर चढली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून आपल्याकडे निघाली. मंगळवारी सकाळी माझं दिल्लीचं विमान होतं.

"राखच ना गं? एवढ्या पावसावादळातून जातात की विमानं," आत्या म्हणाली. "आणि त्यांना रडार असतं ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. विमानातलं हवामानाचं रडार पावसाचे थेंब टिपतं. कोरडी, बारीक राख त्याला दिसत नाही. रात्री तर डोळ्यांनाही नाही. आणि ही चुलीतली मऊ राख नसते, दगडाचा आणि काचेचा चुरा असतो. जेट इंजिनाच्या आत तापमान इतकं असतं की ही काच वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर थंड होऊन चिकटते, हवेची वाट कोंडते आणि इंजिन विझतं.

24 जून 1982 च्या रात्री हेच झालं. ब्रिटिश एअरवेजचं बोईंग 747 क्वालालंपूरहून पर्थला चाललं होतं. जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. 37 हजार फुटांवरून ते नुसतं तरंगत खाली येत राहिलं. राखेखालच्या स्वच्छ हवेत आल्यावर इंजिनं परत सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं, पण समोरची काच इतकी घासली गेली होती की वैमानिकांना धावपट्टी धड दिसेना. त्या वैमानिकांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. 1989 मध्ये अलास्कात रिडाउटच्या राखेने आणखी एका 747 ची चारही इंजिनं थांबवली.

आता जगभरात नऊ केंद्रं राखेवर लक्ष ठेवून आधीच सावध करण्याचं काम करतात. इथियोपियावर लक्ष असतं फ्रान्समधल्या तुलूझ केंद्राचं. उपग्रहाची चित्रं आणि वारे बघून ते सांगतं की राख कुठे, किती उंचीवर, पुढे कुठे जाणार. त्यावरून आपलं हवामान खातं वैमानिकांसाठी धोक्याची सूचना काढतं, आणि हवाई वाहतूक नियंत्रण व विमान कंपन्या मार्ग आणि उंची बदलतात. सोमवारी डीजीसीएनेही, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानेही, कंपन्यांना बजावलं : राखेचे भाग टाळा, इंजिनात काही वेगळं जाणवलं किंवा केबिनमध्ये वास आला तर लगेच कळवा. कन्नूरहून अबुधाबीला निघालेलं एक विमान अहमदाबादला उतरवलं गेलं.

रात्री बडोद्यातल्या दांडिया बाजारात जेवताना माझ्या विमानाचा मेसेज आला : सकाळऐवजी दुपारी. मंगळवारी हरणी विमानतळावर एक गृहस्थ काउंटरवर तावातावाने बोलत होते, "आकाश तर निरभ्र आहे!" खरंच होतं, खालून काहीच दिसत नव्हतं. त्यांच्याजवळ बसून मी त्यांना 1982 ची हकीकत सांगितली. ते गप्प झाले, मग त्यांनी घरी फोन लावून उशीर होईल म्हणून सांगितलं.

दुपारी विमान सुटलं. राख तोवर चीनच्या दिशेने सरकली होती. तिथे पूर्वेकडच्या आकाशावर नजर ठेवण्याचं काम टोकियोच्या केंद्राकडे असतं.