भारताचा ०.६८५ कॅल्क्युलेटरवर काढून पाहा

आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून देशांची स्थिती मोजणाऱ्या मानव विकास निर्देशांकाचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला की क्रमांकावरून दोन दिवस वाद होतो, पण भारताचा ०.६८५ हा निर्देशांक आला कुठून हे फार थोडे जण पाहतात. कागद आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असला की दहा मिनिटांत तो काढता येतो.

२०२५च्या अहवालातले भारताचे २०२३ सालचे आकडे असे: आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत शिरणारं मूल किती वर्षं शिकेल) १३, सरासरी शालेय वर्षं (मोठी माणसं प्रत्यक्षात किती वर्षं शिकली) ६.९ आणि दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ डॉलर (२०२१च्या क्रयशक्ती समतुल्यतेनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक जमेस धरून).

आयुर्मानाची किमान मर्यादा २० आणि कमाल ८५. ७२ मधून २० वजा करून ६५ ने भागलं की ०.८०० येतात. शिक्षणात किमान मर्यादा शून्य, कमाल १८ आणि १५, म्हणून १३ ला १८ ने (०.७२२) आणि ६.९ ला १५ ने (०.४६०) भागायचं, दोन्हींची सरासरी ०.५९१. स्पर्धा परीक्षांच्या कितीतरी नोट्समध्ये इथे अजून साक्षरता दर छापलेला असतो. तो २०१० मध्येच काढला गेला.

सगळ्यात जास्त चुका उत्पन्नात होतात. किमान १००, कमाल ७५,०००, पण आकडे थेट न घेता त्यांचा लॉग घ्यायचा. ९,०४७ आणि ७५,००० दोन्हींना आधी किमान १०० ने भागा: ९०.४७ चा नैसर्गिक लॉग ४.५०५, ७५० चा ६.६२०, भागाकार ०.६८१. दहाच्या पायाचा लॉग घेतला तरी उत्तर तेच येतं, फक्त वर एक आणि खाली दुसरा नको. लॉग विसरलात तर हाच भाग ०.११९ वर येतो आणि निर्देशांक सुमारे ०.३८ दाखवतो. लॉग घेण्यामागचं कारण अगदी माणसाच्या बाजूचं आहे: १,००० डॉलरवरून २,००० वर जाणाऱ्या देशाला तेवढंच श्रेय मिळतं, जेवढं २०,००० वरून ४०,००० वर जाणाऱ्याला.

आता तिन्हींचा गुणाकार ०.३२२, त्याचं घनमूळ ०.६८५. २०१० पूर्वी तिघांची साधी सरासरी घेत, त्यामुळे उत्पन्नाच्या जोरावर शाळांची दैना झाकली जायची. गुणाकारात लंगडी बाजू पूर्ण भरून निघत नाही.

आपली लंगडी बाजू म्हणजे ते ६.९. यात २५ वर्षांवरचे सगळे येतात. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आज्या त्यात आहेत आणि यंदा दहावी झालेली मुलगी नाही. ती मोजली जायला अजून नऊ-दहा वर्षं लागतील. म्हणून शिक्षणावर आज केलेला खर्च पुढच्याच अहवालात शोधणं चूक आहे. उलट अपेक्षित १३ वर्षं पटावरच्या नोंदींतून येतात. मुलाला वाचता येतं का, हे त्यांना ठाऊक नसतं. या निर्देशांकातली ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे दोन अहवालांची तुलना. आधीच्या अहवालात २०२२ साठी ०.६४४ होते. आता ०.६८५, म्हणजे मोठी उडी? नाही. नव्या आकडेवारीनुसार २०२२चाच आकडा सुधारून ०.६७६ झाला, खरी वाढ ०.००९. वर्षांची तुलना करायची तर एकाच अहवालाचा तक्ता २ उघडा.

आणि तक्ता ३ सोडू नका. तिथे विषमतेची वजावट आहे: भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घटून ०.४७५ वर येतो.