पेवात उतरणाऱ्याची लेक

सांगलीजवळच्या आमच्या हरिपुरात हळदीची पेवं असायची. तोंड जेमतेम एका माणसापुरतं, आत घागरीसारखं फुगत गेलेलं, वीस-पंचवीस फूट खोल. हळद भरून वर माती थापली की वर्षानुवर्षं कीड नाही, ओल नाही. पण पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. काही तास तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला म्हणजे आतली हवा श्वासाला धड नाही, त्या दिवशी उतरणं बंद. अण्णांचा हळदीचा छोटा व्यापार, मजूर मिळाले नाहीत की ते स्वतःच उतरायचे. मी काठावर बसून कंदिलाकडे बघायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, त्यात आमचीही गेली.

हे सगळं मला आठवलं ते बालीत, तुलांबेन नावाच्या गावात, पाण्याखाली अठरा मीटरवर.

बँकेतून बारा दिवसांची रजा काढून सेहेचाळिसाव्या वर्षी स्कूबा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, शिकायला चाललेय म्हटल्यावर आई म्हणाली, "कृष्णा कमी पडली व्हय तुला?" त्याआधी तारकर्लीला पंधरा मिनिटं पाण्याखाली जाऊन आले होते. तिथं मागून एक मुलगा मानगूट धरून फिरवतो, आपण फक्त बघायचं. तेवढ्यानं खाज लागली. आपलं आपण उतरायचं, आपलं आपण वर यायचं, हे शिकायचं होतं.

ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, "ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरतो?" तो ऑक्सिजन नसतो हो! आपलीच साधी हवा, गाळून, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा बाधतो. कोविडनंतर सिलिंडर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं, त्यांचीही चूक नाही.

मी पोहायला शिकले कृष्णेत, पाठीला रिकामा डबा बांधून. तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडायचा, हे अंगात मुरलेलं. डायव्हिंगमध्ये पहिला नियम याच्या बरोब्बर उलटा. श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथं छाती भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात तर ती वर येता येता दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पोहण्याच्या तलावात पहिले दोन दिवस माझे हा डबा सोडण्यातच गेले. मास्क पूर्ण काढून परत घालायचा धडा असतो, त्यात नाकात पाणी गेलं आणि मी सरळ उभी राहिले. कमरेएवढं तर पाणी होतं. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. हसला नाही, एवढं मात्र खरं.

पहिल्या परवान्यावर अठरा मीटरपर्यंत जाता येतं. सांगलीच्या माणसाला पाणी मीटरमध्ये कळत नाही, त्याला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी किती फूट एवढंच कळतं. मी मनात हिशेब केला. अठरा मीटर म्हणजे एकोणसाठ फूट. २०१९ ला पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे त्या पुरापेक्षा दीड-दोन फूट जास्त. हा हिशेब करायला नको होता, रात्री झोप लागली नाही.

तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. मागं आगुंग ज्वालामुखी, सगळा दगड त्याचाच. आणि त्या गोट्यांवरून डोक्यावर सिलिंडर घेऊन चालणाऱ्या बायका. कापडाची चुंबळ, वर आडवा पंधराएक किलोचा सिलिंडर, पायांत साध्या चपला. जत-आटपाडीकडं हंड्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बायकांची हीच चाल. मी माझा सिलिंडर मीच नेते म्हणाले, तर गाईड म्हणाला, तिचं काम आहे ते, तिला त्याचे पैसे मिळतात. मी गप्प बसले. उगाच पुण्य करायला गेले होते.

आम्हाला उतरायचं होतं ते एका बुडालेल्या जहाजापाशी. त्याचं नाव 'लिबर्टी'. १९१८ सालचं अमेरिकन मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकजवळ जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. ओढून बालीच्या सिंगराजा बंदरात न्यायचं ठरलं, पण आत इतकं पाणी भरलं की वाटेत तुलांबेनच्या किनाऱ्यावरच चढवलं. तिथं ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ ला आगुंग भडकला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. आता किनाऱ्यापासून चार हात पोहलं की खाली जहाज. वरचा भाग पाच मीटरवर, तळ तीस मीटरच्या आसपास.

पहाटे सहाला उतरलो. पाण्याच्या दाबानं बसलेला डावा कान काही केल्या सुटेना. एक मीटर वर, नाक दाबून फुंकर, परत खाली, असं चार वेळा. मग उतारावर वाळूतून उभे राहिलेले सापासारखे बारीक ईल मासे दिसले, शेकड्यांनी, लावणी झालेल्या भातासारखी. जवळ गेलं की सगळं वावर जमिनीत गुडूप. त्यांच्या मागं काळसर भिंत दिसायला लागली.

२०१९ ला आमच्या तळमजल्यावर पाणी होतं. ओसरल्यावर आत गेलो तेव्हा फुगलेलं कपाट, भिंतीवर गाळाची रेघ, आणि तो वास. बुडालेली वस्तू म्हणजे माझ्यासाठी तो वास. त्यामुळं जहाजाला हात न लावताही माझ्या अंगावर काटा आला. पण इथं लोखंडाचा लोखंडपणाच उरला नव्हता. कठड्यावर पंख्यासारखे प्रवाळ, फासळ्यांमधून उजेड, आणि एक कडकड आवाज. गाईडनं बोट दाखवलं. कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे, एकेक माझ्या कमरेपेक्षा जाड, प्रवाळ दातांनी फोडून खात होते. रात्री ते जहाजातच झोपतात. खाल्लेलं प्रवाळ मागून वाळू होऊन पडतं, तेही बघितलं.

जहाजाच्या आत जायचं नव्हतं, तेवढं माझं शिक्षण नाही. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दोनशे बार असताना सुरुवात केली होती, पंचविसाव्या मिनिटाला गाईडचा काटा एकशे तीसवर, माझा साठवर. वीस मीटरच्या आसपास एकेक श्वास वरच्या तिप्पट हवा खातो, त्यात मी घाबरून धापा टाकणारी. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. तिथं जहाजाचा माथा होता, त्याच्याशेजारीच तरंगत राहिले.

एक सांगते, मालवणकडं खरं डायव्हिंग करणाऱ्या आपल्या लोकांसाठी. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला मला अठरा तास थांबवलं, कारण रक्तात साठलेला नायट्रोजन वरच्या कमी दाबात बुडबुडे धरतो. घाट चढणं म्हणजे तेच, थोडं सौम्य. सांगलीच साडेपाचशे मीटरवर आहे. दुपारी डाइव्ह मारून संध्याकाळी घाट चढू नका, किनाऱ्यावर मुक्काम करा.

घरी आल्यावर अण्णांना फोटो दाखवले. मासे त्यांनी पटापट सरकवले, जहाजाच्या फोटोवर थांबले.

"उतरायच्या आदी हवा कोण बगतं?"

"मी पण आणि जोडीदार पण. काटा बघायचा, तोंडात धरून चार श्वास घ्यायचे, मगच उतरायचं."

"हं. आनि बोटीत माल काय हुता?"

"रबर, रेल्वेचं सामान."

"काडला का?"

"काढला. किनाऱ्यावर होतं तेव्हाच काढून घेतला."

"मंग ब्येस," म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात दिला.