शेजारच्या चाचांचा प्रश्न

आमच्या नगरमधील (कागदोपत्री आता अहिल्यानगर) मराठी प्रोटेस्टंट समाजाची मुळे 1831 साली येथे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपर्यंत जातात. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणे आमच्या रक्तातच आहे म्हणा ना. म्हणूनच की काय, मुसलमान शेजाऱ्याशी बोलताना एक तर त्याला सुवार्ता सांगावी, नाही तर धर्माचा विषयच काढू नये, असे आमच्यातल्या पुष्कळांना वाटते. मला यांपैकी काहीच पटत नाही. मनात धर्मांतराचा हिशेब ठेवून जोडलेला शेजार खोटा असतो, आणि ज्या श्रद्धेवर आपण जगतो तिच्याविषयी जन्मभर मौन पाळून टिकवलेला शेजारही अर्धाच राहतो.

2025 साली रमजान 2 मार्चला लागला आणि 5 मार्चच्या भस्म बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू झाला. त्या दिवसांत एका संध्याकाळी शेजारच्या चाचांनी इफ्तारला बोलावले. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात टाकून त्यांनी रोजा सोडला आणि भज्यांची ताटली माझ्याकडे सरकवत विचारले, "तुमचा कसला रे उपास? सकाळपासून चहा तर चालूच असतो!" मी फक्त मटण सोडले आहे, हे ऐकून चाची मनापासून हसल्या. मग चाचा गंभीर होऊन येशूविषयी बोलू लागले. "ईसा अलैहिस्सलाम अल्लाचे इतके लाडके पैगंबर. त्यांना अल्ला सुळावर कसा जाऊ देईल?"

कुराणातील एकोणिसाव्या सुरेला मरियेचे नाव आहे आणि येशूचा जन्म कुमारीच्या पोटी झाला, हे मुसलमानही मानतात. परंतु चौथ्या सुरेतील 157वी आयत त्याला ठार मारले नाही आणि सुळावरही चढवले नाही, असे स्पष्ट सांगते. चाचांचा नकार येशूविषयीच्या आदरातून आलेला होता, हे मला त्यांच्या स्वरावरूनच जाणवले. मी म्हणालो की, देव असे होऊ देणार नाही असे तुम्हाला जिथे वाटते, नेमके तिथेच आम्हाला त्याचे प्रेम दिसते. त्यांना ते पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे मला पटले नाही. चाचींनी उरलेली भजी मुलांसाठी बांधून दिली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू एका शोमरोनी, म्हणजे यहुद्यांहून वेगळ्या पंथातल्या, स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो आणि त्याच संभाषणात, 'तुम्हाला ठाऊक नाही अशाची उपासना तुम्ही करता,' हेही तिला सुनावतो. मतभेद त्याने झाकला नाही, आणि मतभेद आहे म्हणून तिच्या हातचे पाणीही वर्ज्य मानले नाही. 2007 साली 138 मुस्लिम विद्वानांनी जगभरातील ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांना पत्र लिहून देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती हा दोन्ही धर्मांचा समान पाया असल्याचे मांडले होते. अशी पत्रे हवीतच. पण दोन्ही घरांत जे जुळत नाही, तेही कुणीतरी ओट्यावर बसून बोलायला हवे, आणि ते काम विद्वानांच्या पत्रांनी होणारे नाही.

नाताळचा केक आमच्याकडे आता रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुकांचा होतो, आणि त्याचा पहिला तुकडा चाचांकडे जातो. त्रैक्याविषयीचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हा प्रश्न त्यांनी पुढच्या इफ्तारसाठी राखून ठेवला आहे; तो वधस्तंभाच्या प्रश्नाहून अवघड आहे, हे त्यांनाही पुरते ठाऊक आहे.