प्लेसमेंट सेलच्या दारातून मदतकार्याच्या नोकरीपर्यंत

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही महाविद्यालयात प्लेसमेंट सेलबाहेरचा फलक वाचा. सातपूर-अंबडच्या कंपन्या, बँका, विमा, आयटी. पूर, दुष्काळ, भूकंप, विस्थापन यांत काम करणाऱ्या संस्था त्यावर जवळपास नसतातच. याचं खापर सेलवर फोडण्यात अर्थ नाही, कारण या संस्था सहसा कॅम्पसवर येऊन भरती करतच नाहीत. त्यांच्या जागा निधीबरोबर निघतात. प्रकल्प मंजूर झाला की जाहिरात येते, आपत्ती आली की काही महिन्यांचे करार होतात, आणि अर्जाला अनेकदा आठवडा-पंधरा दिवसांचीच मुदत असते. जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला बसलं तर मुदत टळते. म्हणून एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दोन वर्षांत मी सेलकडे नोकरी मागितलीच नाही. मागितल्या त्या तीन गोष्टी: मदतकार्य करणाऱ्या संस्थेत ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), नीट लिहिलेली पत्रं आणि मुलाखतीचा सराव.

ओजेटी पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात येते. 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. बरीच मुलं ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्का आणून ती उरकतात. पण मदतकार्याकडे वळायचं असेल तर पहिला अनुभव म्हणून दाखवायला हेच तास हाताशी असतात. नाशिकमध्ये त्यासाठी लांब जावं लागत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाळाभर धो धो पाऊस आणि मार्चनंतर हंडे घेऊन पायपीट. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे होणारं स्थलांतर त्याला जोडूनच येतं. शहरात जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. गोदावरीचा पूर हा तर दर पावसाळ्याचा विषय, आणि 2027 च्या सिंहस्थामुळे गर्दी, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, हरवलेली माणसं हे विषयही आता टेबलावर आहेत. सेलकडून विनंतीपत्र घ्यायचं, संस्थेचं स्वीकृतीपत्र आणायचं, रोजचं लॉगबुक भरायचं आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला घ्यायचा, हा क्रम सगळीकडे सारखाच.

संस्था निवडताना मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवर तिची नोंद आहे का, 12ए आणि 80जी ही आयकर सवलतीची नोंदणी आहे का, परदेशी निधी घेत असेल तर एफसीआरए (परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी) चालू आहे का, हे अर्ध्या तासात कळतं. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेनं दुसरीला तो निधी पुढे देणंही बंद झालं. मोठ्या संस्थेच्या हाताखाली चालणाऱ्या छोट्या संस्थांना हा फटका बसला. "तुमचा सध्याचा निधी कुठून येतो आणि कधीपर्यंत आहे?" हा प्रश्न विद्यार्थ्यानं विचारला तर कोणी रागावत नाही. उलट, हा पोरगा माहिती काढून आलाय असं दिसतं.

पत्रांचं दुखणं जुनंच आहे. कार्यालयातून मिळणारा ठरलेला दाखला म्हणतो, सदर विद्यार्थी आमच्याकडे शिकत होता व त्याची वर्तणूक चांगली आहे. भरती करणाऱ्याला याचा काडीचा उपयोग नाही. त्याला हवं असतं ते एवढं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती तास, कोणत्या गावात, नेमकं काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली. सरांकडे कोरं पत्र मागायला जाऊ नये. हे मुद्दे लिहिलेला कच्चा मसुदा घेऊन जावं, म्हणजे ते दोन ओळी बदलून सही करतात. एनएसएसचंही (राष्ट्रीय सेवा योजना) तसंच. 'एनएसएस स्वयंसेवक' एवढ्यानं काही समजत नाही. दोन वर्षांचे 240 तास, सात दिवसांचं शिबिर, गावाचं नाव आणि तिथलं काम लिहिलं तर ती ओळ वजनदार होते.

बायोडेटा दोन पानांत बसवावा. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, फोटो हे सगळं काढून टाकावं. त्या जागी भाषा लिहाव्यात. अहिराणी किंवा कोकणा बोलता येत असेल तर ती हमखास लिहावी. आपली पोरं इंग्रजी, हिंदी, मराठी लिहून थांबतात आणि सुरगाण्याच्या पाड्यावर जी बोली खरोखर उपयोगी पडते तीच गाळतात. दुचाकीचा परवानाही लिहावा, क्षेत्रीय कामाच्या जाहिरातींत तो वारंवार मागतात.

नावाची गडबड इथे हटकून होते. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात, आधारवर क्रम उलटा, पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन स्वतंत्र ओळींत. ऑनलाइन अर्जात 'फर्स्ट नेम'मध्ये आडनाव गेलं की पुढे पडताळणीत अडकतं. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे भरायचं, हे एकदा ठरवून टाकावं. 36 पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क 1,500 रुपये आहे. परदेशी जायचं नसलं तरी तो काढून ठेवावा.

सेलनं आमच्यासाठी कोबो टूलबॉक्सचं सत्र ठेवलं होतं, आणि सगळ्यांत जास्त कामाला आलेली गोष्ट तीच. मोबाइलवर सर्वेक्षण करायचं हे मोफत साधन मदतसंस्थांमध्ये सर्रास वापरतात, आणि ते रेंज नसतानाही चालतं. अट एवढीच की फॉर्म आधी डाउनलोड केलेला हवा. पेठला जाताना सावळघाट लागण्याआधीच ते उरकावं. प्रश्नाचा मजकूर मराठीत असावा, पण त्याचं आतलं नाव (माहितीच्या तक्त्यात रकान्याला येणारं) रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावं. 'पाणी कुठून आणता?' याला लिहून उत्तर घेतलं की 'विहीर', 'विहिर', 'सार्वजनिक विहीर', 'वीहीर' अशी चार उत्तरं होतात आणि मोजणीचा बट्ट्याबोळ. तिथे पर्यायच द्यायचे. जीपीएस घराबाहेर, मोकळ्या आभाळाखाली घ्यायचं आणि अचूकता साधारण 5 मीटरवर येईपर्यंत थांबायचं.

सरावाच्या मुलाखतीत आम्हाला विचारलेला प्रश्न असा: पुरामुळे 500 कुटुंबं शाळेत आलीत, काय कराल? बहुतेक जण 'सेवाभाव' सांगू लागतात. तिथे आकडा लागतो. कुटुंबात पाच माणसं धरली तर 2,500 लोक. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, म्हणजे 37,500 लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज चार फेऱ्या. 250 लोकांमागे एक नळ, म्हणजे दहा नळ. सुरुवातीला 50 जणांमागे एक शौचालय धरलं तर 50, आणि पुढे 20 जणांमागे एक या हिशेबानं 125. त्यात बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा म्हणजे 8,750 चौरस मीटर, आणि एवढी जागा एका शाळेत नाही, हे ज्याच्या लक्षात येतं त्याची मुलाखत पुढे सरकते. दुसरी शाळा शोधावी लागेल, आणि टँकर आत वळतो का हे आधी पाहावं लागेल.

जाहिराती शोधायला संयुक्त राष्ट्रांच्या ओसीएचए या मदतकार्य समन्वय कार्यालयाचं रिलीफवेब हे संकेतस्थळ आहे. तिथे 0 ते 2 वर्षं अनुभवाची गाळणी (फिल्टर) लावावी, नाहीतर दहा वर्षं अनुभवाच्या जागा बघून हबकायला होतं. यूएन स्वयंसेवक कार्यक्रमात 18 ते 26 वयासाठी युवा श्रेणी आहे. बीसेफ हा संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षा अभ्यासक्रम ऑनलाइन आणि मोफत आहे, त्याचं प्रमाणपत्र फाइलमध्ये हवंच. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत रोखल्यानंतर या क्षेत्रातल्या असंख्य नोकऱ्या गेल्या. त्यामुळे अनुभवी माणसंही आता खालच्या जागांना अर्ज करतात. स्थानिक संस्थेतली साधी जागा पहिल्यांदा घेण्यात कमीपणा नाही.

निवड झाल्यावर संदर्भ तपासणी असते, म्हणजे अर्जात ज्यांची नावं दिली त्यांच्याकडे तुमची चौकशी होते. बऱ्याच संस्था मागच्या पाच वर्षांतल्या नोकऱ्यांच्या ठिकाणी गैरवर्तनाबद्दलही विचारतात. हा फॉर्म ईमेलनं जातो आणि प्राध्यापकांच्या स्पॅममध्ये पडून राहतो, म्हणून ज्यांचं नाव दिलंय त्यांना फोन करून आधी सांगावं. करारात अपघात विमा, प्रवासभत्ता आणि मुदत कशी वाढते हे वाचून मगच सही करावी. अनुभवाचा दाखला करार संपायच्या आधीच्या आठवड्यात मागावा. प्रकल्प बंद झाला की ते ऑफिसही रिकामं होतं, आणि मग सही करायला कोणी सापडत नाही.