पुणे ते पाचगणी, व्हाया काळा धूर

कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत गाडी छान चालली. खंबाटकी चढताना मात्र शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने हात बाहेर काढून आमच्या सायलेन्सरकडे बोट दाखवलं. आरशात पाहिलं तर काळा धूर. काच खाली केली तर पेट्रोलचा वास. चेक इंजिनचा दिवा मात्र बंदच.

सुरूर फाट्याच्या अलीकडे चहाला थांबलो आणि गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ स्कॅनर लावला. आमची जुनी बीएस-४ पेट्रोल गाडी आहे. बिघाडाचा कोड एकही नाही. पण लाइव्ह डेटात कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ४१ अंश! रेडिएटरच्या वरच्या होजला बोट टेकवत नव्हतं. इसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, लेखी इंजिन अजून थंडच, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत होता. ‘ओपन लूप’मध्ये, म्हणजे ठरलेल्या अंदाजाने पेट्रोल सोडण्यात, अडकल्यामुळे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नव्हता. कोड का नाही? ४१ अंश हा आकडा इसीयूला अशक्य वाटत नाही, तारच तुटली तर उणे ४० दिसतं आणि दिवा लागतो.

इंजिन थंड होऊ दिलं आणि थर्मोस्टॅटजवळच्या कूलंट तापमानाच्या सेन्सरचा कपलर (तारांचा जोड) काढला. आतल्या एका पिनेवर हिरवट गंज. हा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. गंजाने तो वाढवला की गाडीला सगळं थंड भासतं. वाईतून कॉन्टॅक्ट क्लीनर आणून पिना साफ केल्या. पसरणीचा घाट चढताना आकडा ८९, लूप क्लोज (इसीयू पुन्हा ऑक्सिजन सेन्सरचं ऐकू लागला), धूर गायब. निघण्याआधी पुण्यात एकाने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. तो बिचारा निर्दोष निघाला.

तुमची गाडी पेट्रोल पीत असेल तर सकाळी स्टार्ट करण्याआधी नुसतं इग्निशन ऑन करून स्कॅनरवर कूलंटचं आणि इनटेक हवेचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे असायला हवेत. गाडी तापल्यावर कूलंट ८०च्या पुढे गेलं, पण फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे वीसच्या आसपास असेल, तर इंजेक्टर गळतोय का, फ्युएल प्रेशर जास्त आहे का, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, हे पाहायचं. एअर फिल्टर आधी बघून टाका, फुकटचं काम. स्पार्क प्लग बिस्किटी रंगाचे असायला हवेत, आमचे काजळी धरलेले होते.

पाचगणीची उंची साधारण १३०० मीटर. कार्बोरेटरवाली जुनी गाडी तिथे विरळ हवेमुळे थोडी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होणारच. इंजेक्शनवाल्या गाडीला ती सबब चालत नाही.

एक धोका: सेन्सर खोटं थंड दाखवत असेल तर बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा फॅनही लागत नाही आणि काटाही खालीच राहतो. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, कळतही नाही.

परतल्यावर नाना पेठेतून सेन्सर आणि कपलर नवे आणून बसवले. डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता, म्हणून ऑइलही बदललं. मग पीयूसीला गेलो. बीएस-४ गाडीला आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची, मर्यादा ०.३ टक्के, आमचा आकडा तिच्या बराच खाली आला. दुरुस्तीनंतर हा कागद नीट वाचा. एवढ्या स्वस्तात हवा-पेट्रोलचं मिक्स्चर तपासून देणारं दुसरं यंत्र गावात नाही.