आमची वाटचाल : सेल्स ऑफिसपासून समुद्राच्या तळापर्यंत

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचे मूळ काम म्हणजे बिल्डरांच्या सेल्स ऑफिसात ठेवायची इमारतींची मॉडेल्स. १:१०० किंवा १:२०० स्केल, लेझरवर कापलेले अॅक्रिलिक, क्लोरोफॉर्मने केलेले जोड, वरून स्प्रे पेंट, आत एलईडी. पुण्यात या कामाला तोटा नाही आणि आजही वर्कशॉपचे पगार त्यावरच निघतात. पण अशा मॉडेलचे आयुष्य शेवटचा फ्लॅट विकला जाईपर्यंतच असते. संग्रहालयासाठी काम करायला लागल्यावर हा हिशेब पार बदलला. तिथे पेटीत बंद झालेली वस्तू वीस-पंचवीस वर्षे तशीच दिसली पाहिजे. आमची पुढची वाटचाल या एका फरकातून घडत गेली, आणि तो फरक सर्वांत कठोरपणे शिकवणारे काम म्हणजे बुडालेल्या जहाजाचा डायोरामा, म्हणजे समुद्रतळावरचे सगळे दृश्य पेटीत उभे करणारे मॉडेल.

आधी अखंड जहाज करायचे आणि मग ते मोडायचे, असा या कामाबद्दलचा समज असतो. तसे केले की ते हातातून पडलेले मॉडेल दिसते. तळाशी विसावलेल्या जहाजावरची प्रत्येक खूण कशाने तरी झालेली असते. काही खुणा बुडण्याच्या क्षणाच्या, काही तळावर आदळण्याच्या, आणि बहुतेक सगळ्या त्यानंतरच्या वर्षांच्या. म्हणून आमच्याकडे करवत हातात घेण्याआधी एक तक्ता तयार होतो. जहाजाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागापुढे लिहायचे : काय झाले, कशाने झाले, कधी झाले, पुरावा कोणता. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर त्या जागी आम्ही नाट्य उभे करत नाही, तो भाग गाळाखाली जातो.

तांबड्या समुद्रातले थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बने ते बुडाले. आतला दारूगोळा पेटून स्फोट झाला, त्यामुळे मागच्या बाजूचे पत्रे बाहेरच्या दिशेने उलगडले आहेत आणि डेकवरची रेल्वे इंजिने जहाजाशेजारी तळावर पडली आहेत. स्फोट आतून झाला की पत्रा बाहेर वळतो, धडक बाहेरून बसली की आत दबतो. एवढी साधी गोष्ट चुकली तरी जाणकार प्रेक्षक मॉडेलसमोरून निघून जातो. या जहाजाचे २०१७ साली फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटोंवरून मोजमापे काढून, सर्वेक्षण झाले आहे. असा आधार असला की काम निम्मे सोपे होते. बांधणीचे नकाशे लागले तर ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आणि जहाजांची तपासणी-नोंदणी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टरच्या वारसा-संग्रहात जुन्या ब्रिटिश जहाजांची बरीच कागदपत्रे आहेत.

उलट, १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झालेली ‘वैतरणा’, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘विजळी’, हिचे अवशेष हाती लागलेच नाहीत. अशा जहाजाचा समुद्रतळावरचा डायोरामा कुणी मागितला तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो आणि अखंड जहाजाचे मॉडेल सुचवतो. मुंबईहून रेवसला जाणाऱ्या ‘रामदास’ बोटीबाबतही आमचा सल्ला हाच असतो. १७ जुलै १९४७ ला ती बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. काशाच्या खडकाजवळचा तो प्रसंग रायगडच्या घराघरांत अजून ताजा आहे, तिथे कल्पनेने रचलेले अवशेष दाखवणे आम्हाला पटत नाही. ही बोट सुमारे १७९ फूट लांब होती. १:७२ स्केलला ती ७६ सेंटीमीटर होते, म्हणजे अखंड रूपात सुरेख मावते.

स्केल ठरवताना जहाजाची लांबी सगळे मोजतात, पाण्याची खोली विसरतात. थिसलगॉर्म १२६ मीटर लांब आणि सुमारे ३० मीटर पाण्यात. १:१०० ला जहाज सव्वा मीटर आणि पाण्याचा पृष्ठभाग तळापासून ३० सेंटीमीटरवर, तेव्हा पेटीत दोन्ही दाखवता येतात. टायटॅनिकचे तसे नाही. १:३५० ला २६९ मीटरचे जहाज ७७ सेंटीमीटरचे होते, पण ३,८०० मीटर खोली त्याच स्केलला जवळजवळ ११ मीटर भरते, आणि पुढचा व मागचा हे दोन तुकडे एकमेकांपासून पावणेदोन मीटरवर जातात. म्हणून त्याचा एकच तुकडा करावा, दुसरा नकाशावर दाखवावा. दोन तुकडे सोयीसाठी जवळ सरकवणे ही आमच्या मते सरळ सरळ चुकीची माहिती आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या १९१६ पासूनच्या संस्थेमुळे पुण्याला जलमॉडेल्सची ओळख आहे. तशा मॉडेलमध्ये उभे आणि आडवे स्केल वेगवेगळे ठेवण्याची रीत असते, कारण तिथे खरे पाणी वाहायचे असते. डायोरामात ही सूट घेऊ नये.

आता कवच. खऱ्या जहाजाचा पत्रा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे १:१०० ला ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर. थ्रीडी प्रिंटची किंवा अॅक्रिलिकची भिंत ३ मिलिमीटरची असते. फाटलेल्या कडेला ती तशीच दिसली तर पत्रा ३० सेंटीमीटर जाडीचा ठरतो. संग्रहालयातल्या अनेक मॉडेल्सचा घात याच कडेवर झालेला दिसतो. आम्ही कवचाचा अखंड भाग प्रिंट करतो, पण फाटीच्या भोवतीचा तीन-चार सेंटीमीटरचा पट्टा कापून काढतो आणि तिथे ०.१ मिलिमीटरचा पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, लावतो. मशीनच्या अलाइनमेंटसाठी फिटर वापरतो तोच शिम, भोसरीत कुठेही मिळतो. तो कडक असतो, त्यामुळे आधी मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करावा लागतो. नाही तर वळवताना मोडतो आणि कडा बिस्किटासारखी तुटलेली दिसते. पोलाद तसे तुटत नाही, ते ताणून वळते आणि मग रिव्हेटच्या ओळीवरून फाटते. रिव्हेटची ओळ उठवायला शिंप्याचे दातेरी चाक फार विरळ पडते. दोन रिव्हेटमधले खरे अंतर साडेसात सेंटीमीटर धरले तर १:१०० ला ते पाऊण मिलिमीटर होते, आणि त्यासाठी जुन्या घड्याळातले बारीक दात्यांचे चाक उपयोगी पडते. शिमच्या मागे ०.५ मिलिमीटर स्टायरिन प्लास्टिकच्या फ्रेम, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, दिसल्या पाहिजेत, कारण पत्रा गेला तरी फ्रेम बऱ्याचदा उभ्या राहतात.

लाकडी डेकचे गणित वेगळे. उष्ण समुद्रात उघडे लाकूड शिपवर्म हा शिंपल्याच्या जातीचा जीव पोखरून संपवतो, म्हणून जुन्या लोखंडी जहाजाच्या डेकवर फळ्या नसतात, खालचे लोखंडी बीम उघडे पडलेले असतात. बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात हा जीव टिकत नाही. १६२८ मध्ये बुडालेले स्वीडनचे लाकडी जहाज ‘वासा’ १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर आले ते मुख्यतः त्यामुळे. पूर्ण लाकडी जहाज अरबी समुद्रात करायचे असेल तर वाळूत गाडला गेलेला तळाचा भाग, भाराच्या दगडांची रास, तोफा आणि नांगर एवढेच दाखवावे. वर डोलकाठ्या उभ्या ठेवण्याचा मोह फार होतो, तो टाळावा.

जहाज कुशीवर पडले असेल तर दिशांचा घोळ होतो. लोंबणारा गंज, साचलेला गाळ, अडकलेली जाळी या सगळ्यांना ‘खाली’ म्हणजे आजचे खाली, जहाजाच्या डेकचे नव्हे. गाळ वर तोंड केलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर बसतो, पालथ्या बाजूवर बसत नाही. टायटॅनिकच्या कवचावर गंजाच्या ज्या लोंबत्या कांड्या दिसतात, त्या करताना आम्ही मॉडेल उलटे टांगतो, अॅक्रिलिक जेलमध्ये रंगद्रव्य कालवून सुईने ठिपके ठेवतो आणि सुकताना ते ओढून घेतो. मग मॉडेल सुलटे करून टोके खाली वळवतो. या कांड्या खोल, थंड, अंधाऱ्या पाण्यातल्या आहेत. मालवणच्या दहा-पंधरा मीटर पाण्यातल्या जहाजाला त्या लावल्या की काम फसते. तिथे बार्नेकल, कालवे आणि चुनखडीसारखा जाड थर हवा.

गंजाचा रंग हा पुढचा सापळा. नारिंगी गंज हवेतला, बंदरातला. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, पाच-सात मीटरनंतरच तो मरू लागतो, त्यामुळे डोळ्याला दिसते ते हिरवट तपकिरी, राखाडी. डायव्हरच्या बॅटरीच्या झोतात मात्र तीच जागा पुन्हा तांबडी होते. यातले कोणते दाखवायचे ते आधी ठरवावे, एकाच पेटीत दोन्ही मिसळू नये. खरी लोखंडी भुकटी लावून गंजवण्याची युक्ती छंदापुरती ठीक आहे. पेटीत तो गंज पुढे चालूच राहतो आणि पापुद्रे गळतात. आम्ही अॅक्रिलिकमधले अंबर आणि सिएना हे मातकट तपकिरी रंग वापरतो, आणि शेवटचे दोन हात पेटीत जो दिवा लागणार आहे त्याच दिव्याखाली देतो. ट्यूबलाइटखाली रंगवलेला सुंदर गंज निळसर एलईडीखाली काळा ठिक्कर पडतो.

तळासाठी खाली एसीपी (अॅल्युमिनियम-प्लास्टिकची थर-शीट) आणि अॅल्युमिनियम सेक्शनची चौकट, वर एक्सपीएस या घट्ट थर्मोकोलसारख्या फोमचे थर. फोमवर थेट स्प्रे मारला तर द्रावकाने तो विरघळतो, म्हणून आधी पाण्यातल्या अॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात. किनाऱ्यावरची वाळू वापरू नये : तिचा ०.३ मिलिमीटरचा कण १:१०० ला तीन सेंटीमीटरचा गोटा होतो, आणि तिच्यातले मीठ दमट हवेत पाणी ओढते. रविवार पेठेत मिळणारी २०० मेशची डोलोमाइट पावडर चालते, कण ७५ मायक्रॉनच्या आत. ती चाळणीने वरून पेरावी, हाताने पसरू नये, म्हणजे गाळ जसा बसतो तसा बसतो. प्रवाहाच्या तोंडाकडच्या टोकाशी वाळू खणली जाऊन खड्डा पडतो आणि आडोशाला लांबट रास साचते. पूर्ण सपाट वाळूवर ठेवलेले जहाज कधीच तिथे वर्षानुवर्षे पडलेले वाटत नाही.

पाणी ओतायचे का, हा प्रश्न प्रत्येक ग्राहक विचारतो. १.८ मीटर बाय ०.८ मीटर पेटीत ३० सेंटीमीटर पाणी म्हणजे ४३२ लिटर, इपॉक्सीत सुमारे पावणेपाचशे किलो. वजन बाजूला ठेवले तरी साधी रेझिन एका वेळी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड ओतली की स्वतःच्या उष्णतेने तडकते. पुण्याच्या मे महिन्यात हे आणखी लवकर होते, तर पावसाळ्यात वर चिकट, धुरकट थर येतो. शिवाय काही वर्षांत ती पिवळी पडते. आम्ही पाणी प्रकाशाने दाखवतो : मागे वरून खाली गडद होत जाणारा रंगवलेला पडदा, मध्ये बारीक जाळीचे एक-दोन पदर, आणि वर पृष्ठभागापुरते लाटांचा पोत दिलेले १० मिलिमीटर अॅक्रिलिक. एलईडी २४ व्होल्टचे, कारण लांब पट्टीत १२ व्होल्टला शेवटचे दिवे मंदावतात. ड्रायव्हर पेटीबाहेर, हवेशीर कप्प्यात.

प्रवाळ आणि समुद्रपंखे खरे वापरावेत, असा आग्रह कधी कधी होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत, विषय तिथेच संपतो. आम्ही तांब्याची तार, नायलॉनचे केस आणि अॅक्रिलिक पेस्ट वापरतो. रंगीत स्पंजचे कण स्वस्त पडतात, पण पॉलियुरेथेन काही वर्षांत भुगा होते. वाळलेले शेवाळ तर किडे घेऊनच येते.

पेटीच्या आतली हवा हा विषय आम्ही सर्वांत उशिरा नाही, सर्वांत आधी घेतो. एमडीएफ, कच्चे लाकूड, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन, अगदी साधा पांढरा गोंदही सेंद्रिय आम्ले सोडतो. बंद पेटीत त्यांनी शिशाच्या नळ्या, नांगर, तोफा यांची पांढरी भुकटी होते. म्हणून आमच्याकडे शिसे पूर्ण बंद आहे, सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचे, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारे, आणि नंतर सोडवता यावेत असे सुटे भाग पॅरालॉइड बी-७२ या पुन्हा विरघळवता येणाऱ्या अॅक्रिलिक रेझिनने बसवलेले. नव्या साहित्याची ऑडी चाचणी करतो : चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांसोबत नमुना दमट बाटलीत ६० अंशांवर २८ दिवस. पट्टी काळवंडली किंवा तिच्यावर पांढरी भुकटी आली की ते साहित्य बाद. सेल्स ऑफिसच्या मॉडेलसाठी यातले काहीच करावे लागत नाही, त्यामुळे दोन्ही विभागांची कपाटे आम्ही वेगळी ठेवली आहेत आणि गोंदाची बाटलीसुद्धा इकडून तिकडे जात नाही.

अॅक्रिलिकची पेटी तापमानाबरोबर वाढते-आकसते. मीटरला अंशामागे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे १.८ मीटर लांबीला २० अंशांच्या फरकात अडीच मिलिमीटर. स्क्रूची भोके तेवढी मोठी ठेवावीत, नाही तर भोकापासून चीर निघते. लेझरने कापलेल्या कडेला स्पिरिट लागले तरी बारीक तडे जातात. ती कडा ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवून हळूहळू थंड करावी.

तळ दोन तुकड्यांत करतो, रुंदी ७५ सेंटीमीटरच्या आत, कारण जुन्या वास्तूंतले दरवाजे अरुंद असतात. सांधा खडकाच्या कडेत लपवून एम-८ बोल्टने आवळायचा. घाटातल्या धक्क्यांनी सर्वांत आधी तुटतात त्या दोरखंडाच्या तारा, म्हणून त्या जागेवर गेल्यावरच लावतो. मॉडेलसोबत साहित्याची यादी, रंगांचे बॅच क्रमांक आणि तो पुराव्याचा तक्ता संग्रहालयाला देतो.

अलीकडे प्रत्येक प्रस्तावात आम्ही पेटीबाहेर ठेवायचा एक भाग धरतो : दृष्टिहीन प्रेक्षकांना हात लावून पाहता येईल असा फाटक्या कवचाचा तुकडा. १:२० स्केल, नायलॉनचा प्रिंट, सगळ्या कडा किमान १ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलेल्या, रिव्हेट बोटाला जाणवतील इतके उठावदार, आणि खाली मराठी ब्रेलची पट्टी. त्याचा रंग दोन वर्षांत झिजतो, म्हणून तो रंगवत नाही, रंगीत नायलॉनच वापरतो, आणि प्रिंटची फाइल जपून ठेवतो.